डावा तुमचा, उजवा माझा

बाबा, मागच्या रविवारी दुपारी मुलुंडला मी डबलबारीत पखवाज वाजवला. घरात दार लावून नाही, देवासमोर हळू आवाजात नाही. भरलेल्या नाट्यगृहात, स्टेजवर, समोर माईक ठेवून. तुम्ही असतात तर आधी तोंड फिरवलं असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्यांदा तेच सांगून टाकलं. आता सावकाश लिहिते.

डबलबारी अजून तुमच्या वेळेसारखीच होते. दोन भजनी बुवा समोरासमोर, दोघांच्या मागे आपापला कोरस, शेजारी आपापला पखवाजवाला. एकाने गाता गाता चिमटा काढायचा, दुसऱ्याने गजरातून त्याची परतफेड करायची, आणि आपली कोकणातली माणसं हसत, ओरडत, टाळ्या देत बसणार. आता लोक फोन वर धरून शूटिंग करतात, आणि पेटीवर कधीकधी बाई असते. बाई बुवा म्हटलं तरी आता कुणी दचकत नाही. पखवाजावर बाई मात्र अजून विरळाच. रविवारी पडदा उघडला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी शेजारच्याला कोपराने ढोसलेलं मला स्टेजवरून स्वच्छ दिसलं.

पण हे सगळं मुलुंडपासून सांगता येणार नाही. ते आपल्या घाटकोपरच्या चाळीतून सांगावं लागेल. घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत पडदा लावून केलेलं आईचं स्वयंपाकघर. गिरणी बंद पडली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. नंतर तुम्ही अंधेरीला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागलात. गिरणीबद्दल घरात फारसं बोलायचा नाहीत. पण दर गुरुवारी ड्युटीवरून आलात की हातपाय धुऊन माळ्यावरचा पखवाज खाली काढायचात आणि पडद्याआड हात करून म्हणायचात, “गो, पीठ दी.” आईने चपात्यांच्या कणकेतला एक गोळा आधीच बाजूला ठेवलेला असायचा. तो जरा सैल करून पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला की तिथे तो खोल, छातीत उतरणारा आवाज येतो, हे मला चपाती लाटता येण्याच्या आधीपासून माहीत. पुढे तो गोळा तुमच्या तळहातावर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. शिकवायचात मात्र दादाला. दादाचं सगळं लक्ष खाली मैदानात चाललेल्या क्रिकेटकडे. तुम्ही बोल सांगताय, ‘धुमकिट तकिट तका’, दादा खिडकीतून बॉल बघतोय, आणि पडद्याआड मी तांदळाच्या डब्यावर तेच बोल बोटांनी काढतेय. आई म्हणते, “डबो फुटतलो गो.” म्हणते, पण डबा काढून घेत नाही.

एका दुपारी आई बाजारात गेलेली, दादा खेळायला, आणि मी पखवाज चटईवर ओढून घेऊन बसले. किती वेळ वाजवत होते कुणास ठाऊक. मान वर केली तर दारात तुम्ही. लिफ्ट बिघडली म्हणून तुम्हाला लवकर सोडलं होतं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही चपला काढल्यात, टोपी खुंटीला लावलीत आणि म्हणालात, “डावो हात झोपलो काय तुझो?” तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. “उजव्यान कितीय बडबड केलंस, पण डावो बोललो नाय तर सगळा फुकट. परत वाजव.” मी परत वाजवलं. “परत.” पुन्हा वाजवलं. आई बाजारातून आली, पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली, आणि तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, “चाय ठेव. दोघांका.” आयुष्यात खाल्लेल्या सगळ्या ओरड्यांमध्ये मला तो सगळ्यात प्रिय आहे. ‘का वाजवतेस’ असं तुम्ही विचारलंच नाहीत. ‘असं का वाजवतेस’ एवढंच तुमचं म्हणणं होतं.

तिथून पुढे दादाची सुटका झाली आणि माझं शिकणं सुरू झालं. मे महिन्याच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन मी बसने अंधेरीला यायचे आणि दुपारभर लिफ्टमध्ये तुमच्याजवळ थांबायचे. लिफ्ट रिकामी असली की तुम्ही मोठ्याने बोल म्हणायचात आणि मी तुमच्या लाकडी स्टुलावर हात चालवायचे. दार उघडलं की दोघंही गप्प. कुणी साहेब आत यायचे, तुम्ही बटण दाबायचात, साहेब उतरायचे, दार लागायचं, आणि तुम्ही मधली मात्रा बरोबर पकडून पुढे सुरू करायचात. माझा ताल तोवर कुठल्या मजल्यावर राहिलेला असायचा देव जाणे. तुम्ही हसायचात. “दार उघडला म्हणान ताल थांबता काय? मनात चालू ठेव.” घरी तुम्ही असे हसायचा नाहीत, बाबा. त्या लोखंडी पेटीत, टोपी घालून, कुणी बघत नसताना तुम्ही जसे हसायचात तसे मी तुम्हाला दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

कॉलेजात गेले तेव्हा मला वाटलं आता माझा हात बरा झाला. चाळीची सत्यनारायणाची पूजा होती, खाली अंगणात भजन ठरलेलं. मी विचारलं, “बाबा, या वेळी एका अभंगाला मी बसू?” तुम्ही पखवाज फडक्याने पुसत होतात. पुसतच राहिलात. म्हणालात, “घरात वाजव. लोकांसमोर नको.”

“का पण?”

“लोक हसतले.”

“हसू देत की. माझं काय जातंय?”

“तुका चलात. माका ता बघवचा नाय.”

मी तुमच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही. आईने मध्यस्थी करायचा प्रयत्न केला तर तिच्यावरही डाफरले. मला तेव्हा तो सरळ सरळ नकार वाटला होता. आता माझा मुलगा पहिल्यांदा शाळेच्या स्टेजवर उभा राहिला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना, मी मान खाली घालून बसले, आणि मला कळलं, तुम्ही घाबरला होतात. कळलं म्हणून पटलं असं नाही. तुमची भीती खरी होती, पण ती तुमची होती. मला ती वर्षानुवर्षं माझीच वाटत राहिली.

तुम्ही गेलात तेव्हा मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. छातीत दुखतंय म्हणालात, दादा रिक्षा आणायला धावला, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या वर्षी चाळ सुटली. दादा आईला घेऊन चेंबूरला राहायला गेला, माझं लग्न झालं आणि मी नाहूरला आले. पखवाज चेंबूरला गेला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागले. माझा हात हलका आहे म्हणतात पेशंट, लहान मुलंसुद्धा माझ्याकडे रडत नाहीत. मुलगा झाला, घराचे हप्ते, सासऱ्यांचं आजारपण, शाळा, डबे. पखवाजाची आठवण यायची, पण ती कशी, तर गावच्या घराची येते तशी. आहे कुठेतरी, जाऊ कधीतरी.

पस्तिशी उलटल्यावर एका गणपतीला दादाकडे गेले तर पखवाज बाल्कनीत आडवा ठेवलेला आणि त्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. मी कपडे बाजूला केले. डावं कातडं उंदरांनी खाल्लेलं, उजव्यावरचा काळ्या शाईचा लेप भेगाळलेला, ताणाच्या वाद्या सैल पडून लोंबत होत्या. दादाला वाईट वाटलं असावं. म्हणाला, “घेऊन जा ना तू. इथे नुसता पडलाय.” आई आतून आली आणि म्हणाली, “न्हे गो. मी तुका सांगणारच होतंय.” मी तो रिक्षात मांडीवर घेऊन नाहूरला आणला. नवऱ्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, पखवाजाकडे बघितलं आणि म्हणाला, “हा इथेच राहणार का आता?” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “मग तो शू-रॅक हलवायला लागेल.” त्याने त्याच दिवशी शू-रॅक हलवला. माणूस चांगला आहे, बाबा. तुम्हाला आवडला असता.

कातडी नवी बसवून आणली, कणीक मळली, थापली, आणि बसले. हात मेलेले. जे बोल झोपेतही आले असते असं वाटायचं, ते तोंडाला येत होते, पण बोटांना पत्ता नव्हता. आठवडाभरात मला दोन गोष्टी समजल्या. एकटीने हे जमणार नाही, आणि आता सोडलं तर हा पखवाज पुन्हा कपडे ठेवायच्या कामाला लागेल. भांडुपला एक जण शिकवतो असं ऐकलं आणि जाऊन उभी राहिले. बघते तर शिकवणारा माझ्यापेक्षा कितीतरी लहान, टी-शर्ट घातलेला, आणि समोर शाळेतली पोरं ओळीने बसलेली. त्याने आधी माझ्यामागे बघितलं, मुलाला घेऊन आले असेन म्हणून. मी म्हटलं, “मीच शिकणार आहे, सर.” तो गडबडला. “काकू, सर नका म्हणू हो.” मी म्हटलं, “मग तुम्ही काकू नका म्हणू.” तेवढं आमचं जमलं नाही. तो अजून मला काकूच म्हणतो आणि मी त्याला सर.

पोरांच्या ओळीत शेवटी मी बसायचे. लॅबमधून थेट, कधी कपड्यांना स्पिरिटचा वास घेऊन. पोरांची बोटं पाण्यासारखी चालायची. माझ्या पुढची एक चिमुरडी मागे वळून मला धीर द्यायची, “आंटी, होईल.” सर पहिले काही आठवडे काही बोलले नाहीत, नुसतं बघत होते. मग एक दिवस पोरं गेल्यावर म्हणाले, “काकू, एक विचारू का? तुमचा डावा हात फार सुंदर आहे. असा डावा आता ऐकायला मिळत नाही. पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाजतच नाहीत. ताठ राहतात. कधी लागलंय का?”

मी माझ्या हाताकडे बघितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हवेत सरळ उभं. मी म्हटलं, “मला नाही लागलं. माझ्या वडिलांना लागलं होतं.”

बाबा, तुमची ती दोन बोटं गिरणीत कापड विणायच्या साच्यात सापडून कायमची ताठ झाली होती. तुम्ही तळहाताच्या कडेने झटका देऊन तो बोल काढायचात, आणि कुणाला कळायचं नाही. मी तुमच्याकडे बघून शिकले. तुम्ही जसा हात ठेवायचात तसा ठेवला. तुमची जखम मी शिकून घेतली होती, आणि ती जखम आहे हे मला कधी सुचलंच नाही. मला वाटायचं पखवाज असाच वाजतो.

सर म्हणाले, “हे वळण मोडायला लागेल. नाहीतर द्रुत लयीत तुम्ही अडकणार. वेळ लागेल, आणि मधले काही महिने आत्ता येतंय तेही येणार नाही.” मी घरी आले आणि स्वयंपाक करता करता रडले. नवऱ्याला वाटलं लॅबमध्ये काही झालं. मी त्याला सांगितलं, “बाबांचं माझ्याकडे एवढंच आहे रे. तेच मोडायला सांगतोय.” तो भाजी चिरत होता. म्हणाला, “बाबांची बोटं वाकत असती तर त्यांनी वापरली नसती का?” एवढंच बोलला आणि पुढे चिरत राहिला. मी तापलेल्या तव्यावर पुढची चपाती टाकली.

मग मोडलं. किती कंटाळवाणं काम होतं ते लिहून समजणार नाही. दोन बोटं वाकवायची, एकेक टेकवायची, उचलायची. जेवणाच्या टेबलावर, बसच्या खिडकीच्या दांडीवर, लॅबमध्ये मशीन चालू असताना फाइलीवर. पेशंट विचारायचे, “मॅडम, टेन्शनमध्ये आहात का?” लक्ष जरा हललं की जुनं वळण परत यायचं, चोरपावलांनी. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. सेक्रेटरी दारात येऊन नवऱ्याला म्हणाले, “तुमच्याकडे काही काम चालू आहे का? ठोकाठोक ऐकू येते.” तो म्हणाला, “हो, चालू आहे. बरीच वर्षं चालेल.” शेवटी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात, कुणी यायच्या आधी बसायचं ठरलं. तिथे देवाचा एक फोटो, पाण्याच्या टाकीचा पंप आणि मी. पंपाची एक लय असते, बाबा. त्याच्यावर मी कितीतरी दिवस ठेका धरला. आणि एका सकाळी, पंप चालू असताना, ‘तिटकत गदिगन धा’ हा बोल माझ्या सगळ्या बोटांतून सरळ निघून गेला. अडला नाही, झटका नाही. मी थांबले. पुन्हा काढला. पुन्हा गेला. मी एकटीच खो खो हसत सुटले, तर झाडूवाल्या मावशी घाबरून आत डोकावल्या.

पुढच्या वर्षी एका महिला भजन मंडळाबरोबर वाकोल्याला पहिल्यांदा लोकांसमोर बसले. चाळीतली पूजा, समोर पन्नासेक माणसं. तिसऱ्या अभंगाला मागून कुणीतरी ओरडलं, “मावशी, पीठ मळताय काय?” हशा पिकला. आणि माझा ताल गेला. गेला म्हणजे सपशेल गेला. बायकांनी टाळ जोरात वाजवून सावरून घेतलं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसंच झालं, शब्दाशब्दाने. परत येताना रिक्षात मी वाट बघत होते, आता काहीतरी तुटेल, आता मला या सगळ्याची घृणा येईल. नाही आली. लोक हसले आणि मी मेले नाही. भूक लागली होती, घरी येऊन दोन वाट्या आमटी-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाजवळ जाऊन बसले तेव्हा मला जाणवलं, तुमची ती भीती मी वाकोल्यालाच कुठेतरी सोडून आले होते.

त्यानंतर मी कार्यक्रमांना नाही म्हटलं नाही. पूजा, बारसं, नवरात्र, कुणाच्या घरची एकसष्टी. घाटकोपरची एक तरुण मुलगी आहे, दिवसा अंधेरीच्या शाळेत गणित शिकवते आणि आवाज असा की पहिल्या स्वरात माणसं फोन खाली ठेवतात. ती बुवा झाली तेव्हा मला म्हणाली, “ताई, माझ्याबरोबर बसाल? मला डबलबारी करायचीय.” तिचा स्वर उंच, तुमच्या पखवाजाचं तोंड मोठं, तो एवढा चढत नाही. म्हणून मी लहान तोंडाचा नवा पखवाज करून घेतला. तुमचा घरी आहे, शू-रॅक होता तिथे. मुलगा त्याच्यावर शिकतो, मनात आलं तर. मी जबरदस्ती करत नाही.

आणि मग मागचा रविवार. समोरचे बुवा नावाजलेले, त्यांचा पखवाजवाला पन्नाशीचा, हात तयार. सुरुवातीलाच बुवांनी माईक ओढला. “समोर पखवाजावर आज ताई बसल्यात. ताई, घरचो स्वयंपाक आटपून इलात मा? नायतर आमच्या दाजींचे हाल.” नाट्यगृह हसलं. पहिल्या रांगेतले ते काका तर मांडीवर थापा मारत हसले. माझी बुवा पेटीवरून न हलता म्हणाली, “बुवानू, स्वयंपाक दाजीच करतत. आज बांगड्याची कढी आसा. हरलात तर जेवूक येवा.” बाबा, काय शिट्ट्या पडल्या! तिसऱ्या रांगेत माझा नवरा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. समोरचे बुवासुद्धा हसू आवरू शकले नाहीत.

मग तिने पेटी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “उरलेलं उत्तर ताई देतील.” हे आमचं ठरलेलं नव्हतं. कोरसचे टाळ बारीक होत होत नुसत्या ठेक्यापुरते उरले. मी डाव्यावर हात ठेवते. हळू सुरू करते, इतकं हळू की मागून कुणीतरी “मोठ्याने” म्हणतं. मी मोठं करत नाही. डाव्याचा तो खोल आवाज एकेक करून सोडते, पुढच्या खुर्च्यांपर्यंत, मग मधल्या रांगांपर्यंत, मग बाल्कनीपर्यंत, आणि हसू थांबतं. पंपाजवळ सकाळी मी एक तुकडा बांधला होता, कुणाला न दाखवलेला. डावा एकच गोष्ट सांगत राहतो आणि उजवा त्याच्याभोवती बोटाबोटाने धावतो, दरवेळी जरा पुढे जातो, जरा वेगळ्या वाटेने परत येतो. तो काढते. लय वाढवते. बोटं माझ्या पुढे धावतायत आणि मी त्यांना थांबवत नाही. कोरसच्या पोरी उभ्या राहिल्यात. समोरचा पखवाजवाला हाताने मात्रा धरतोय, मान खाली, डोळे मिटलेले, आणि समेवर मी येते तेव्हा त्याचा हात सगळ्यांच्या आधी वर जातो. मग जो गजर उठला तो माझ्या बुवाचा, माझा आणि त्या सगळ्या नाट्यगृहाचा होता. बायका खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होत्या. ते ढोसणारे काका रुमाल फिरवत होते.

संपल्यावर समोरचा पखवाजवाला स्टेज ओलांडून आला. मला वाटलं, शाबासकी देईल आणि जाईल. तो माझ्यासमोर चक्क मांडी घालून बसला. म्हणाला, “ताई, ता मधला परत वाजवा मा. माका घेवचा आसा.” मी परत वाजवलं. त्याने आपल्या गुडघ्यावर घेतलं, चुकला, पुन्हा घेतलं. मग विचारलं, “कोणाचा ह्या? खंयच्या बुवांचा?”

मी म्हटलं, “माझं.”

आई दादाबरोबर चेंबूरहून आली होती, पहिल्या रांगेत बसवली होती तिला. तिच्या पाया पडले तर म्हणाली, “मधी जरा हळू पडलंस. भूक लागली होती काय?” आणि पिशवीतून लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. पुढच्या महिन्यात वाकोल्याला बोलावणं आहे, त्याच चाळीत. फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे याआधी कधी आला होतात का?” मी म्हटलं, “आले होते एकदा. ओळख झाली नव्हती.” भांडुपच्या सरांनी त्यांच्या क्लासमधल्या पाच मुली आता माझ्याकडे पाठवल्या आहेत, शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात बसतात. डावा हात मी तुमचा शिकवते, ओरडून. उजव्याला मात्र प्रत्येकीला तिची तिची बोटं वापरू देते.

लॅबमध्ये जेवणाची सुट्टी संपत आलीय. हे फोनवर लिहितेय, आणि ते इथेच राहील. कुणाला दाखवायचं नाही, कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हाला खरी सांगता येते. रविवारी सत्काराच्या वेळी माझ्या हातात माईक दिला तेव्हा मी म्हणाले की वाजवताना सारखी वडिलांची आठवण येत होती. लोकांना ते फार आवडलं. आईने डोळे पुसले. पण तसं नव्हतं, बाबा. वाजवताना तुमची आठवण एकदाही आली नाही. मला फक्त मजा येत होती.